वाचकांचे प्रश्न : वॉटसनचं हॉटेल आणि आपल्या पेठांतले बिडाचे खांब

मुंबईत काळा घोडा भागातल्या लोखंडी सांगाड्याच्या वॉटसन हॉटेलवर, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनवर, मागच्या अंकात लेख आला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईतलं सर्वांत दिमाखदार हॉटेल म्हणून त्याचं नाव होतं. आज ती इमारत रिकामी आहे. लेखावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी हॉटेलबद्दल आहेत आणि तितकीच पुण्यातल्या जुन्या घरांबद्दल, विशेषतः त्यांतल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, खांबांबद्दल. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत काम करणाऱ्या मंडळींकडून त्यांची उत्तरं घेतली आहेत. सारख्या आशयाची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : दगड, चुना, सागवान सगळं इथं मिळत असताना वॉटसन हॉटेलसाठी इंग्लंडहून लोखंड आणायचं कारण काय? (सदाशिव पेठ)

उत्तर : बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना, म्हणजे १८६२ ते १८६७ या काळात, मुंबईच्या कोटाची तटबंदी पाडली गेली आणि तिच्या बाहेरच्या मोकळ्या मैदानालगत इमारतींसाठी भूखंड निघाले. जॉन वॉटसन हे कापडाचे व्यापारी. त्यांनी असा एक भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर घेतला. बांधकाम १८६७ मध्ये सुरू झालं आणि हॉटेल १८७१ मध्ये उघडलं. आपल्याकडे गणेशखिंडीतला गव्हर्नरचा बंगला, म्हणजे आजच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत, याच दशकात उभी राहत होती. ती जाड दगडी भिंतींची आहे. दोन्ही इमारती मनाशी शेजारी ठेवल्या की लोखंडानं काय साधलं ते लगेच कळतं.

पाच मजली इमारत दगडी भिंतींवर उभारायची तर तळमजल्याची भिंत दोन-अडीच फूट जाड होते आणि खिडक्या लहान ठेवाव्या लागतात. लोखंडी सांगाड्यात भार खांब घेतात आणि भिंत फक्त आडोशाचं काम करते. त्यामुळे प्रत्येक मजल्यावर रस्त्याच्या बाजूनं सलग गॅलरी काढता आली, मध्ये काचेच्या छताचा मोठा चौक ठेवता आला आणि त्याभोवती एकशे तीस खोल्या बसवता आल्या. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश यांचा. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनच्या छपराच्या आणि रॉयल अल्बर्ट हॉलच्या घुमटाच्या कामात हेच अभियंते होते. सांगाड्याचे भाग डर्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतले गेले आणि मुंबईत आणून जोडले गेले. बांधकाम सुरू झालं तेव्हा सुएझ कालवा खुला झालेला नव्हता. तो खुला व्हायला नोव्हेंबर १८६९ उजाडला. इतक्या लांबून खांब आणि तुळया बोटीनं आणून इथं एकमेकांत बसवायच्या, म्हणजे मापात बोटभर चूक झाली तरी ती इथं सुधारणं अवघड. ऑर्डिश आणि डर्बीचे ओतारी यांच्या कामाचं मोल त्यावरून करावं.

प्रश्न : जमशेटजी टाटांना वॉटसनमध्ये प्रवेश नाकारला, म्हणून त्यांनी ताज बांधलं. ही गोष्ट खरी का? (कॅम्प)

उत्तर : वॉटसन फक्त गोऱ्यांसाठी होतं, हे खरं. टाटांना दारातून परत पाठवल्याच्या प्रसंगाला मात्र त्या काळातला विश्वासार्ह पुरावा मिळत नाही आणि अनेक इतिहासकार ती नंतर रुजलेली आख्यायिका मानतात. मुंबई वाढत होती आणि तिच्या तोडीचं हॉटेल शहरात नव्हतं, एवढं कारण टाटांसारख्या माणसाला पुरेसं होतं. ताज १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडलं. त्याचे मूळ वास्तुविशारद रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा; पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पूर्ण केलं. ही नावं या आख्यायिकेपेक्षा जास्त वेळा सांगितली जायला हवीत.

प्रश्न : मग ताजमुळेच वॉटसन बुडालं असं म्हणायचं का? (कोथरूड)

उत्तर : गिऱ्हाईक ताजमुळे गेलं. इमारत मात्र त्यानंतर साठ वर्षांनी आणि वेगळ्याच कारणानं खचायला लागली. या दोन गोष्टी निरनिराळ्या आहेत आणि पुण्याच्या वाचकांच्या कामाची दुसरी आहे, म्हणून पहिली थोडक्यात सांगतो.

मोठ्या हॉटेलचं गिऱ्हाईक बोटीनं येत असे. ताज अपोलो बंदरावर, समुद्राला तोंड करून उभं राहिलं आणि पहिल्या दिवसापासून तिथं वीज होती. वॉटसनच्या आजूबाजूला तोवर इमारती दाटल्या होत्या. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला आणि पुढची काही वर्षं प्रवाशांनी मुंबईत मुक्काम करणंच टाळलं. तो फटका सगळ्याच हॉटेलांना बसला. पण नंतरचं गिऱ्हाईक नव्यानं उघडलेल्या ताजकडे वळलं आणि वॉटसनला पुन्हा वर येता आलं नाही.

आता दुसरी गोष्ट. १९६० च्या दशकापर्यंत हॉटेल पूर्ण बंद झालं आणि खोल्या पाडून भाड्यानं दिल्या गेल्या. २००५ च्या सुमारास तिथं ५३ कुटुंबं आणि ९७ व्यावसायिक गाळे होते. सत्र न्यायालय जवळ, त्यामुळे गाळ्यांत वकिलांची कार्यालयं जास्त. भाड्याला कायद्याची वेसण होती. १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरत होता आणि तो पुण्यालाही लागू होता. मालकाच्या हातात येणारी रक्कम गवंड्याच्या एका दिवसाच्या मजुरीलाही पुरेना. भाडेकरू आपापली खोली नीट ठेवत होते. पण चौकाचं काचेचं छत, पन्हळी, पावसाचे पाइप, गॅलरीच्या तुळया, सामायिक जिने या गोष्टी कोणाच्याच खोलीत येत नव्हत्या. जिथं एकेकाळी नाचगाण्याचे कार्यक्रम होत, त्या चौकात कचरा साठत गेला आणि बेकायदा बांधकामं उठली. इमारतीत पाणी शिरतं ते याच सामायिक जागांतून. पेठांतल्या ज्या वाड्यांचे आज खण, म्हणजे दोन खांबांमधले भाग, कोसळतात, त्यांच्या बाबतीत तपासून पाहा : बहुतेक वेळा सुरुवात फुटलेल्या पन्हळीपासून किंवा सामायिक मोरीपासून झालेली असते.

प्रश्न : भारतातला पहिला सिनेमा तिथंच दाखवला ना? (नारायण पेठ)

उत्तर : हो. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंचे सहा छोटे चित्रपट वॉटसनमध्ये दाखवले गेले, तिकीट एक रुपया. नंतर खेळ नॉव्हेल्टी थिएटरमध्ये गेले. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांच्यावर या खेळांचा एवढा परिणाम झाला की त्यांनी स्वतःचा कॅमेरा मागवला. डिसेंबर १९०१ मध्ये रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा मुंबईत झालेल्या त्यांच्या स्वागताचं चित्रण सावेदादांनी केलं. पुढे फर्ग्युसनचे प्राचार्य झालेले परांजपे असे वॉटसनच्या त्या खेळाशी जोडले जातात.

प्रश्न : लोखंडी इमारत आणि तरी गॅलरी कोसळते, हे कसं? दगडी वाडे याहून जुने आहेत आणि उभे आहेत. (औंध)

उत्तर : 'लोखंडी' म्हणताना दोन अगदी वेगळे धातू आपण एका नावात घालतो, तिथून घोटाळा सुरू होतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, यात कार्बन साधारण दोन ते चार टक्के असतो. ते दाब प्रचंड सहन करतं, पण ताण आणि धक्का सहन करत नाही. बिडाचा तवा ओट्यावरून पडला तर वाकत नाही, सरळ तडकतो, खांबाचंही तसंच. घडीव लोखंड आणि पोलाद आधी वाकतात, त्यामुळे माणसाला सूचना मिळते. बीड सूचना न देता तुटतं. म्हणून त्या काळचे जाणते अभियंते खांब बिडाचे करत आणि जिथं ताण येतो तिथं घडीव लोखंड वापरत.

बीड उघड्यावर तसं टिकाऊ असतं. ओतताना त्याच्यावर जे कठीण कवच येतं, ते गंजाला बराच काळ दाद देत नाही. धोका असतो सांध्यात. खांबाचा एक तुकडा दुसऱ्यावर बसतो तिथं, खांबाच्या वरच्या नक्षीदार बोंडामागे, गॅलरीचा ब्रॅकेट जिथं बोल्टनं धरलेला आहे तिथं, आणि खांब फरशीत शिरतो तिथं. या फटींत पाणी थांबतं. गंजलेलं लोखंड मूळ जागेच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं. फटीत ती जागा नसते, मग गंजच पाचरीसारखा आतून रेटा देतो आणि बीड फुटतं किंवा बोल्ट तुटतो. त्यात भर पडते नंतर मजल्यांवर चढवलेल्या भिंती-सामानाच्या वजनाची.

वॉटसनच्या गॅलऱ्या मुंबईच्या पावसात दीडशे वर्षं उघड्या होत्या. जून २००५ मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडानं जगातल्या शंभर धोक्यातल्या वास्तूंच्या यादीत ही इमारत घातली. इटालियन वास्तुविशारद रेन्झो पियानो यांनी त्यासाठी आग्रह धरला होता. पुढच्याच महिन्यात इमारतीच्या पश्चिमेकडच्या दर्शनी बाजूचा एक भाग कोसळला आणि एका माणसाचा जीव गेला.

प्रश्न : आमच्या नाना पेठेतल्या इमारतीत तळमजल्याच्या दुकानात चार गोल लोखंडी खांब आहेत. वर दोन मजले. खांब बिडाचे आहेत की पोलादाचे, आणि सुरक्षित आहेत का, हे घरच्या घरी कळू शकेल का? (नाना पेठ, रास्ता पेठ आणि कॅम्पमधूनही हाच प्रश्न)

उत्तर : ओळख घरी होते. सुरक्षिततेचा दाखला मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरनंच द्यायचा. त्याला बोलावण्याआधी पुढची पाहणी करून ठेवली तर त्याचा वेळ वाचतो आणि तुमचे पैसेही.

रंगावरून हात फिरवा. बिडाच्या खांबावर वाळूच्या साच्याचा बारीक खरखरीतपणा लागतो आणि उंचीभर एकमेकांसमोर दोन पुसट उभ्या रेघा सापडतात. साच्याचे दोन अर्धे जिथं मिळतात तिथल्या त्या खुणा. नक्षी खांबाबरोबरच ओतलेली असते. रिव्हेट आणि जोडपट्ट्या दिसल्या तर घडीव लोखंड किंवा पोलाद समजा. शंका राहिली तर न दिसणाऱ्या जागी कानस मारा : बिडाचा कीस काळसर भुकटीसारखा पडतो आणि बोटं काळी करतो.

मग ओळंबा, म्हणजे टोकाला वजन बांधलेली दोरी, लावा. खांबाच्या दोन बाजूंनी, एकमेकांशी काटकोनात. वरून तळापर्यंत दोरी आणि खांब यांतलं अंतर दर दोन फुटांवर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. खांब थोडा कललेला असणं नवं नाही. दीडशे वर्षांपूर्वी उभा करतानाच तसा बसलेला असू शकतो. सहा महिन्यांनी आकडा बदलला तर काळजी.

त्यानंतर पाव किलोच्या हातोडीनं हलके टोले देत खालून वर जा. निरोगी बीड घणघणतं. आवाज बद्द आला तर तिथं चीर, आत साठलेली माती किंवा ओततानाचा पोकळ फुगा असतो. जुन्या काळी असे फुगे मेण आणि लोखंडाचा कीस यांच्या लुकणानं भरून वर रंग लावत, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत. जोरात मारू नका, वर लिहिलंच आहे की बीड तडकतं.

चीर आढळली तर तिच्या दोन्ही टोकांना बारीक खूण करून तारीख घाला आणि मधोमध काचेची पातळ पट्टी एपॉक्सीनं आडवी चिकटवा. पट्टी फुटली की हालचाल चालू आहे. किमान एक पूर्ण पावसाळा ही नोंद ठेवा. चीर आडवी असेल, किंवा खांबाच्या अर्ध्याहून जास्त घेराला वळसा घालत असेल, तर पावसाळ्याची वाट बघू नका. त्याच दिवशी दुकान रिकामं करून टेकू द्या. टेकू फरशीवर नुसता उभा करायचा नाही. खाली दोन इंच जाडीच्या फळ्या आडव्या टाकून भार पसरवायचा, आणि वरच्या मजल्यालाही त्याच रेषेत टेकू हवा.

खांब पोकळ असतो आणि त्याच्या भिंतीची जाडी सगळीकडे सारखी नसते. आडवा ठेवून ओतताना आतला गाभा वर तरंगतो, एक बाजू जाड आणि समोरची पातळ होते. म्हणून इंजिनिअरकडून एका जागी नव्हे, एकाच उंचीवर तीन जागी, १२० अंशांच्या अंतरानं अल्ट्रासॉनिक मापकानं जाडी मोजून घ्या. बाहेरून १५० मिलिमीटर व्यासाचा आणि १९ मिलिमीटर जाडीचा खांब कुठेतरी १२ मिलिमीटरच निघाला, तर तिथं धातूचं क्षेत्रफळ एक तृतीयांशानं कमी झालेलं असतं. जाडी एकाच बाजूला कमी असेल तर भार तिरका पडतो आणि ते जास्त वाईट.

एक गोष्ट नेहमी राहून जाते : खांबाच्या पोकळीतून पावसाचं पाणी नेलेलं आहे का ते बघा. काही इमारतींत तशी योजनाच होती. गच्चीच्या पन्हळीत बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे बाहेर येतं ते शोधा. कुठेच आलं नाही तर खांब आतून पाण्यात उभा आहे.

प्रश्न : पहिल्या मजल्यावरचे भाडेकरू संडास-बाथरूम आत घेऊ पाहत आहेत आणि एका खोलीत वकिलांचं ऑफिस आहे. कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकून केलेला मजला, खाली झुकल्यासारखा वाटतो. अडवावं का? (शनिवार पेठ)

उत्तर : अडवण्याआधी वजन मांडून दाखवा, माणसं ऐकतात. राहत्या घराच्या मजल्यासाठी चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरतात. जुन्या कडीपाटाला त्याहून जास्तीची सवय नसते. बाथरूमसाठी फूटभर विटांचा भराव घातला की तो एकटाच चौरस मीटरला ५०० किलोच्या वर जातो, वर फरशी वेगळी. साडेचार इंची विटांची दोन्हीकडून गिलावा केलेली, तीन मीटर उंच भिंत दर मीटर लांबीला सुमारे ८०० किलो होते. ५०० लिटरची टाकी म्हणजे अर्धा टन, तोही चौरस मीटरभर जागेत. फायलींची दोन मीटर उंच, हातभर खोल मांडणी दर मीटरला ५०० किलोच्या आसपास जाते. वॉटसनमध्ये हॉटेलच्या खोलीत पलंग, कपाट आणि पाहुणा एवढंच होतं. तिथं आडभिंती, पोटमाळे, मोऱ्या आणि फायली आल्या.

बाथरूम हवंच असेल तर भराव घालायचा नाही. पाइप मजल्याच्या वरून, भिंतीलगत, उतार ठेवून न्यायचे. आडभिंत विटांची न करता सिमेंट बोर्डाची करायची. जागा भिंतीला किंवा खांबाला चिकटून घ्यायची, खणाच्या मधोमध नाही. पाइपासाठी तुळईला किंवा कडीला भोक पाडलेलं आढळलं तर काम तिथंच थांबवा. फायली भार घेणाऱ्या भिंतीलगत हलवा, शक्य तर तळमजल्यावर आणा. कडीपाट किती झुकलाय ते आज दोरी ताणून मोजा आणि भिंतीवर तारखेसह लिहा.

प्रश्न : खांबाला बारीक चीर आहे. वेल्डिंगवाला तासाभरात करून देतो म्हणतो. (भवानी पेठ)

उत्तर : करू देऊ नका. थंड बिडावर वेल्डिंग केलं की शेजारचा भाग आकसताना नव्यानं तडकतो, बहुतेकदा काम संपल्यावर काही तासांनी. ते नीट करायचं तर आधी पूर्ण भाग एकसारखा तापवावा लागतो, निकेलचा रॉड लागतो आणि निवणं अगदी संथ व्हावं लागतं. भाराखाली उभ्या असलेल्या खांबावर हे जमत नाही. पर्याय दोन. चिरेवर आडव्या खाचा पाडून त्यांत धातूच्या किल्ल्या ठोकून बसवण्याची थंड शिवण, हे इंजिनांची फुटलेली ब्लॉकं सांधणाऱ्या कारागिरांचं काम आहे. किंवा खांबाभोवती दोन अर्ध्या पोलादी पट्ट्यांचं कडं, बोल्टनं आवळलेलं. खांबाला सिमेंट काँक्रीटचं जाकीट घालायची सूचना आली तर नाही म्हणा. आत पाणी मुरतं, गंज दिसेनासा होतो आणि पुढच्या वेळी काँक्रीटच फुटून पडतं.

प्रश्न : रंग द्यायचा आहे. कुठला, कसा? (डेक्कन)

उत्तर : दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की काम काढा आणि होळीच्या आत संपवा. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून जाळून किंवा कोरडं घासून काढू नका. पाणी मारत खरवडा, मास्क लावा, खरवड गोळा करून वेगळी बांधा, लहान मुलं तिथं नकोत. सुटलेला गंज तारेच्या ब्रशनं निघतो. जास्त दाबाचं सँडब्लास्टिंग बिडावर करू नये, वरचं कठीण कवच जातं आणि आतलं नरम बीड उघडं पडतं.

घासून झालं की त्याच दिवशी, दव पडायच्या आत, झिंक फॉस्फेट प्रायमरचा पहिला हात बसलाच पाहिजे. रात्रभर उघडं राहिलं तर पुन्हा घासा. दुसऱ्या दिवशी प्रायमरचा दुसरा हात. मग सांध्यांच्या फटी लवचिक सीलंटनं भरा, पण सांध्याचा खालचा भाग मोकळा ठेवा, शिरलेलं पाणी तिथून निघायला हवं. त्यावर तैलरंगाचे दोन पातळ हात. जाड एक हात दिला तर नक्षी बुजते आणि पापुद्रे लवकर सुटतात. खांब फरशीत शिरतो तिथं भोवती इंचभर उंच गोलाई करून पाणी बाहेर ढळेल असं बघा. एवढ्यानं खांबाचं आयुष्य जेवढं वाढतं, तेवढं महागड्या रंगानं वाढत नाही.

प्रश्न : मालक दुरुस्ती करत नाहीत, भाडं जुनं आहे. कायदा काय सांगतो? मुंबईत म्हाडा दुरुस्ती करतं, तसं पुण्यात आहे का? (कसबा पेठ)

उत्तर : नाही. उपकर घेऊन दुरुस्ती करणारं मंडळ मुंबई शहर बेटापुरतं आहे. पुण्यात १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू होतो. त्याच्या कलम १४ नुसार जागा राहण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी मालकाची. किमान पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊनही त्यांनी काम केलं नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतात, पण वर्षाला त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. भाडं महिना दीडशे रुपये असेल तर ही तरतूद तुम्हाला वर्षाला ४५० रुपये मिळवून देते. म्हणून व्यवहारात मार्ग एकच उरतो : सगळे भाडेकरू आणि मालक मिळून छप्पर, पन्हळी, पाइप आणि जिना यांच्यापुरता लेखी करार करायचा, क्षेत्रफळाप्रमाणे वाटा ठरवायचा आणि वर्षातून एकदा, मे महिन्यात, पन्हळी साफ करायची तारीख त्यात घालायची. करारात 'हा खर्च ताब्याच्या हक्कांना बाधा न आणता' असं वाक्य वकिलाकडून घालून घ्या. मालकांचा आणि भाडेकरूंचा दोघांचाही संकोच जातो.

तीस वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे करून घ्यावं लागतं. धोकादायक इमारतीची नोटीस कलम २६४ खाली येते. ती आली तर घाबरून नुसतं बाहेर पडू नका. आपल्या ताब्यातल्या जागेचं मोजमाप आणि ताब्याचा दाखला पालिकेकडून लेखी घ्या, प्रत्येक खोलीचे फोटो काढा, भाडेपावत्या आणि वीजबिलं जवळ ठेवा. मग मात्र बाहेर पडा.

प्रश्न : वॉटसन पाडणार की राखणार? आयआयटीनं पाडा म्हटल्याचं वाचलं. (बाणेर)

उत्तर : इमारत २०१९ मध्ये रिकामी करण्यात आली. त्या वर्षी आयआयटी मुंबईच्या अहवालानं ती दुरुस्तीपलीकडे गेल्याचं आणि पाडावी असं म्हटलं. वारसा वास्तू जपण्याचं काम करणाऱ्या इंटॅक संस्थेच्या तज्ज्ञांनी दुरुस्ती शक्य असल्याचं मत दिलं. दोन्हीकडे जाणती माणसं आहेत. फरक मोजण्याच्या पद्धतीतून पडतो. आजच्या बांधकाम संहितेच्या कसोटीवर १८६७ चा सांगाडा नापास होणार हे उघड आहे. दुसरी पद्धत एकेक खांब, एकेक तुळई तपासून बाद भाग बदलण्याची. ती महाग आणि वेळखाऊ, पण सांगाडा मुळात सुट्या भागांचा असल्यामुळे इथं ती शक्य आहे. जे भाग जोडून इमारत झाली, ते भाग सोडवून पुन्हा ओतताही येतात. आमचं मत राखण्याच्या बाजूचं आहे. भारतातल्या लोखंडी सांगाड्याच्या इतक्या जुन्या बहुमजली इमारतीला दुसरी जोड नाही, आणि आधी वजन उतरवून, छप्पर बंद करून, गॅलऱ्यांना टेकू देऊन दहा वर्षं मिळवता येतात.

प्रश्न : एका दिवसात पाहून येता येईल का? (सिंहगड रोड)

उत्तर : बाहेरून, हो. सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन धरा. सीएसएमटीहून हुतात्मा चौकावरून काळा घोडा रमतगमत पंचवीस मिनिटं. रस्त्यापलीकडच्या, समोरच्या फुटपाथवर उभे राहा, गॅलऱ्यांखाली नको. आत प्रवेश नाही. परतीची डेक्कन क्वीन पाच-दहाला आहे, तेव्हा वेळ काढून अपोलो बंदरापर्यंत चालत जा. दोन्ही हॉटेलांमधलं अंतर पायाखालून गेलं की बोटीचा प्रवासी कुठे वळला असेल ते समजतं.

प्रश्न : आमची इमारत पुनर्विकासाला जातेय. खांब आणि नक्षीच्या जाळ्या भंगारात सात-आठ हजारांत जातील म्हणतात. काही करता येईल का? (रविवार पेठ)

उत्तर : भंगारवाल्याला बोलावण्याआधी प्रत्येक खांबावर तैलरंगानं क्रमांक घाला आणि तोच क्रमांक नकाशावर लिहा. खांब उतरवताना वरचा भार आधी टेकूंवर घ्या, मग बोल्ट सोडवा. गंजलेल्या बोल्टला दोन दिवस आधीपासून तेल पाजा, आणि सुटला नाही तर बोल्ट कापा, खांबावर घण घालू नका. खांब आडवा ठेवताना खाली दोन जागी लाकडी ठोकळे द्या.

नव्या इमारतीत तो भार घेण्यासाठी वापरता येणार नाही. प्रवेशाच्या ओसरीत, पोलादी गाभ्याभोवती, वापरता येतो आणि तसं विकसकाच्या करारनाम्यात क्रमांकांसह लिहून घ्या. एखादा फुटला असेल तर कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत तसाच ओतून मिळतो. त्यासाठी शाबूत खांब साचा म्हणून जसाच्या तसा देऊ नका. बीड निवताना मीटरला सुमारे दहा मिलिमीटर आकसतं, म्हणजे तीन मीटरचा नवा खांब तीन सेंटिमीटर आखूड येईल. लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा घेण्याचा नमुना, तेवढा वाढवून करायला सांगा, आणि पॅटर्न परत घ्यायला विसरू नका.